भिंतीपलीकडचे कान

धडामकाका कधी चुकत नसत. हे अर्थात त्यांचंच म्हणणं. पस्तीस वर्षं ड्रम वाजवले, त्यात लय पळाली ती गायकाची, आवाज फाटला तो माइकवाल्यामुळे, आणि एकदा ऐन रंगात आलेल्या गाण्यात स्टूलसकट मागे उलथले, तर तो दोष स्टेज बांधणाऱ्याचा. माणूस वाईट नव्हता हो. हात पक्का, मन मोकळं, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणार. फक्त ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्यांच्या घशातून कधी बाहेर पडले नव्हते, आणि इतक्या वर्षांत कोणी ते बाहेर काढायच्या भानगडीतही पडलं नव्हतं.

गेली दोन वर्षं कार्यक्रमांचे फोन कमी होत होत बंदच झाले होते. उजवा खांदा धरायचा, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी मशीनमधला ठेका भागवून नेतो. काका सगळ्यांना सांगायचे, ‘मीच सोडलं.’ ऐकणारेही मान डोलवायचे. घरी मात्र फोन वाजला की काका जरा जास्तच चपळाईने उठायचे, आणि बहुतेक वेळा तो काकूंचा निघायचा. ब्लाउज शिवून झाला का, म्हणून विचारणारा.

अशात एका सकाळी पुतणी आली. काकांच्या थोरल्या भावाची मुलगी, रेकॉर्डिंग करणारी. अकरा वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत राबून तिने आता एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत स्वतःचा स्टुडिओ थाटला होता.

“काका, ड्रम आलेत, पण वरचं काहीच नाही. सिंबल, त्यांचे स्टँड, पायाचं पेडल, बसायचं स्टूल, सगळं तुम्ही निवडा. मला त्यातलं तुमच्याइतकं कळत नाही.”

“घाई आहे का?”

“सोमवारी पहिलं काम आहे. एका संगीतकारांच्या बारा गाण्यांचं. त्यांची ड्रमर फक्त काठ्या आणि आपला स्नेअर, तो समोरचा छोटा ड्रम, घेऊन येते, बाकी सेट स्टुडिओचा. संगीतकारांनी स्पष्टच सांगितलंय, पहिलं गाणं तुमच्याकडे करू. तिला आवाज पटला तर बाराही तुमच्याकडे, नाही पटला तर आमची दुसरी जागा ठरलेली आहे.” ती जरा थांबली. “हे गेलं ना काका, तर मला पुन्हा नोकरी बघावी लागेल.”

काकांनी छाती पुढे काढली. “तू निर्धास्त राहा. हे काम माझ्यावर सोड.”

तिने सोडलं. बिचारी.

गुरुवारी काका दुकानात गेले. वाद्यांच्या त्या दुकानात सिंबलची वेगळी खोली होती. तीन भिंती, जमिनीपासून छतापर्यंत, दोनशेच्या वर काशाच्या थाळ्या, लहान, मोठ्या, काळपट, चकचकीत. काकांनी काठी घेतली आणि एका मोठ्या क्रॅशवर घातली एक. क्रॅश म्हणजे गाण्यात मोठा क्षण आला की जिच्यावर दणका देतात ती थाळी. आवाज उठला, पसरला, आणि मागे अशी काही बारीक किणकिण रेंगाळली की संपायचं नावच घेईना. काकांचे डोळे मिटले. असा आवाज आपण स्टेजवर उभ्या आयुष्यात ऐकला नाही, असं त्यांना वाटलं.

अर्ध्या तासात निवड उरकली. दोन क्रॅश, सलग ठेक्याची मोठी राइड, पायाने उघडझाप करायची हाय-हॅटची जोडी. स्टँड सगळ्यात जाडजूड पायांचे. पेडल नेहमीच्या आवडीचं. स्टूल गुबगुबीत गादीचं.

“काका, स्टुडिओसाठी या थाळ्या जरा जाड नाही होणार?” दुकानदाराने हळूच विचारलं.

काकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने पावती लिहायला बसला.

घरी आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते नेहमीचं. फडकं आणि थिनर घेऊन दोन्ही क्रॅश आणि राइडवरचा कंपनीचा छापील शिक्का पुसून टाकला. आवाज आपला असताना जाहिरात त्यांची कशाला, असं त्यांचं तत्त्व. पस्तीस वर्षांत एकाही थाळीवर त्यांनी शिक्का राहू दिला नव्हता. हाय-हॅटच्या जोडीपर्यंत पोचेतो थिनर संपलं, म्हणून ती तेवढी वाचली.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओत सेट उभा राहिला. छापखान्याच्या त्या खोलीला आता चहूबाजूंनी जाड अस्तर लावलं होतं, टाळी वाजवली तरी ती हातातच राहायची. पुतणी काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली. काकांनी काठी उचलली आणि क्रॅशवर घातली.

ठण्ण.

स्वयंपाकघरात परात पडावी तसा आवाज. किणकिण नाही, पसरणं नाही, काही नाही.

“जरा पुन्हा, काका,” स्पीकरमधून पुतणीचा आवाज आला.

पुन्हा ठण्ण. काका म्हणाले, माइक बदल. तिने बदलला. काका म्हणाले, वायर बघ. तिने बघितली. मग काकांनी गालिच्यावर शंका घेतली, मग भिंतींवर. पुतणीने तासभर निमूटपणे गालिचा ओढला, माइक मागे घेतले, पुढे आणले. शेवटी आत आली आणि हसून म्हणाली, “चालेल, काका. मी बघते कॉम्प्युटरवर काही करता येतं का.”

ते वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. पस्तीस वर्षांत त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. ज्याला गाता येत नाही त्याला दुखवायचं नसलं की रेकॉर्डिस्ट हेच म्हणतात. पोरीने तोंडावर सुनावलं असतं तर काका भांडले तरी असते. पण ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत सोमवार दिसत होता.

घरी काका जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. काकूंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग आपल्या शिलाई मशीनकडे वळणार होत्या. काका स्वतःचं ताट धुऊन ठेवायला उठले. कढईवरचं झाकण फळीवर ठेवताना त्यांच्या हातून ते कडेला आपटलं. त्याबरोबर फळीवरच्या सगळ्या ताटवाट्या बारीक आवाजात बोलायला लागल्या. किणकिण रेंगाळली. संपेचना.

काकूंनी सवयीने ताटांवर तळहात ठेवला. आवाज तुटला.

काका जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी झाकण उचललं आणि मुद्दाम आपटलं. ठण्ण.

“हात काढ.”

काकूंनी काढला. काकांनी पुन्हा आपटलं. किणकिण.

“ठेव.”

ठण्ण.

असं चार वेळा झालं. काकूंना वाटलं, उन्हात फिरून आलेत, डोक्यावर परिणाम झाला. तेवढ्यात काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझं चुकलं.”

काकूंनी दुधाखालचा गॅस बंद केला. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उमटलं होतं आणि त्यांना ते नीट ऐकायचं होतं.

“काय म्हणालात?”

“माझं चुकलं गं. दुकानात मी एक थाळी वाजवली आणि दोनशे ऐकल्या. मी जिच्यावर भाळलो तो तिचा आवाज नव्हताच, भिंतीवरच्या शेजारणींचा होता. ती बिचारी एकटी पडल्यावर परात निघाली.” त्यांनी कपाळाला हात लावला. “आणि मी वर शिक्के पुसून ठेवलेत. आता परत कोण घेणार? पोरीचं काम बुडवलं मी.”

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे बाकीच्यांना गप्प करून ऐकायला हवं होतं.”

“हो ना.”

“त्यांचं मागे गोदाम असेल. खोक्यांनी भरलेलं. तिथे एकेक नेऊन वाजवायची.”

“वाजवीन गं. पण वाजवणाऱ्याला ती कानाशी ऐकू येते. माइक ऐकतो लांबून. लांबून ऐकायला कोणीतरी जाणतं माणूस पाहिजे.”

“मी येते उद्या,” काकू म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

काकांना वाटलं, पिशव्या धरायला येतेय.

शनिवारी निघताना काकांनी माळ्यावरून आपल्या दोन जुन्या थाळ्या काढल्या. स्टेजवरची राइड आणि तिच्या जोडीचा मोठा क्रॅश. शिक्का नसला तरी तसा जुना आवाज आता मिळत नाही, म्हणून दुकानदार कधीपासून त्या विकत मागत होता, पण काकांनी कधी दाद दिली नव्हती. दुकानात पोचल्यावर दुकानदाराने शिक्के पुसलेल्या थाळ्या पाहिल्या आणि हात जोडले. “काका, स्टँड, पेडल, स्टूल, हाय-हॅट बदलून देतो. पण या तीन मी परत कशा घेऊ?”

काकांनी जुनी पिशवी त्याच्यासमोर ठेवली. “याही ठेव. पाचांच्या बदल्यात मला मनासारख्या तीन नेऊ दे.”

दुकानदार पिशवीत बघतच राहिला. काकू हळूच म्हणाल्या, “नक्की ना?”

“आता मला स्टेजवर कोण बोलावतंय,” काका म्हणाले. हेही ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं होतं तितकं दुखलं नाही.

मग गोदामात परीक्षा सुरू झाली. चारी बाजूंनी पुठ्ठ्याची खोकी. मध्ये एक स्टँड, त्यावर एक थाळी. काकू दहा पावलांवर, भिंतीकडे तोंड करून उभ्या.

“अगं, इकडे बघ की.”

“मला असंच नीट कळतं. वाजवा.”

काकांनी पहिली वाजवली, हळू, मग मध्यम, मग जोरात.

“नको. ही बोलून झालं तरी गप्प बसत नाही.”

दुसरी.

“ही हळू वाजवली की रुसते. जोरात वाजवली तरच तोंड उघडते. नको.”

तिसरी काकांना फार आवडली. काकू म्हणाल्या, “नको. हिच्यात मध्येच एक सूर घुसतो. गाणारीच्या आवाजात येईल तो.”

काकांना ते काही रुचलं नाही. त्यांनी दुकानदाराला डोळा मारला, आणखी दोन थाळ्या वाजवल्या, आणि मग चोरपावलांनी तीच तिसरी पुन्हा चढवून वाजवली.

“ही मघाचीच आहे,” काकू भिंतीला म्हणाल्या. “मघाशीही नको म्हटलं होतं.”

दुकानदाराच्या हातातली पावती खाली पडली. काका काठी खाली ठेवून काकूंच्या पाठीकडे बघत राहिले.

“तुला हे कसं कळतं?”

“कसं म्हणजे? पस्तीस वर्षं भिंतीपलीकडे बसलेय ना मी.”

“तू तर दार लावून घ्यायचीस. मला वाटायचं तुला त्रास होतो.”

“दार शेजाऱ्यांसाठी लावायचे. माझं मशीन त्याच भिंतीला लावलेलं आहे, ते काय उगाच? तुमच्या ठेक्यावर पाय चालवायचे मी. तुम्ही पळायला लागलात की माझी शिवण पळायची. दोनदा उसवावं लागलंय मला तुमच्यामुळे.”

“कधी सांगितलं नाहीस ते?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

 घरी कोणी ऐकत नाही आपलं, असं काका आयुष्यभर मित्रांना सांगत आले होते. गोदामातल्या त्या खोक्यांमध्ये उभं राहून त्यांना इतकी लाज वाटली आणि त्याहून कितीतरी जास्त भरून आलं. पस्तीस वर्षं रोज सकाळी दोन तास ते रिकाम्या खोलीत वाजवत होते, आणि ती खोली कधीच रिकामी नव्हती.

दुपारपर्यंत तीन थाळ्या निघाल्या. पातळ, काळपट, दिसायला अगदी साध्या. क्रॅश वाजला की काकू बोटांवर मोजायच्या. “हा येतो, थांबतो आणि जातो. नऊ मोजेपर्यंत. असाच पाहिजे.” हाय-हॅटची हलकी जोडी घेतली. स्टँड त्यांनी एकेक कानाशी धरून हलवले आणि ज्यांचे स्क्रू खुळखुळले ते बाजूला ठेवले.

“आता स्टूल,” त्या म्हणाल्या. “बसा आणि डावीकडे झुका.”

“डावीकडे का?”

“मोठा दणका द्यायच्या आधी तुम्ही डावीकडे झुकता. आणि स्टूल करकरतं.”

“माझं स्टूल कधीही करकरलेलं नाही.”

“पस्तीस वर्षं करकरतंय. तीन स्टुलं झाली, तिन्ही करकरली. मला त्यावरूनच कळायचं, आता धडाम येणार. हातातली सुई बाजूला ठेवायचे मी. पोरं लहान होती तेव्हा त्यांच्या कानांवर हात ठेवायचे.”

काका बसले आणि झुकले. करर्र. दुसरं. करर्र. पाचवं स्टूल मात्र मुकं निघालं. दिसायला ओबडधोबड, पण कसंही झुका, चकार शब्द नाही. तेच घेतलं.

संध्याकाळी स्टुडिओत नवा सेट लागला. वाजवायच्या आधी काकांनी पुतणीला बोलावलं. “कालचा दोष खोलीचा नव्हता. माझं चुकलं होतं.” दोन दिवसांत दुसऱ्यांदा. सवय व्हायला लागली होती. पुतणी काचेपलीकडे गेली, आणि पहिला क्रॅश वाजल्यावर स्पीकरमधून नुसता तिच्या श्वासाचा आवाज आला. मग ती म्हणाली, “काका, मला आता कॉम्प्युटरवर काही करायचं नाहीये.”

सोमवारी ड्रमर आली. तिशीची, बारकी, फार न बोलणारी. तिने सेटभोवती एक फेरी मारली, स्टँड हलवून पाहिले, स्टूलवर बसून इकडेतिकडे झुकली आणि भुवई उंचावली. काका-काकू काचेपलीकडे पुतणीच्या मागे बसले होते.  ड्रमरने एक क्रॅश वाजवला आणि काठी वर धरून थांबली.  काकूंची बोटं मांडीवर मोजत होती. नऊ.

“हा सेट कोणी निवडला?” ती माइकमधून म्हणाली.

पुतणीने वळून काकांकडे पाहिलं. अशा प्रश्नाला काकांचं उत्तर आयुष्यभर ठरलेलं होतं. त्यांनी पुढे वाकून बोलायचं बटण दाबलं.

“मी निवडला होता तो भंगार होता. हा माझ्या बायकोने निवडलाय.”

“अहो, मी नुसती भिंतीकडे तोंड करून उभी होते,” काकू घाईघाईने म्हणाल्या.

“मग उद्याही उभ्या राहाल का?” ड्रमर म्हणाली. “अजून अकरा गाणी आहेत. मला लांबून ऐकणारं माणूस लागतं.”

पुतणीने तोंडावर हात घेतला. दुसरी जागा बघायची गरज उरली नव्हती. मग तिने काकूंच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

दुपारी मंडळी गेली. पुतणी वायरी गुंडाळत होती. काका काचेतून सेटकडे बघत होते. मग म्हणाले, “थोडं वाजवू का?”

“विचारताय काय, काका.”

काकू सवयीने दाराबाहेर निघाल्या. काकांनी त्यांचा हात धरला. “बाहेर नको. इथे आत बस.” त्यांनी स्वतः खुर्ची उचलून आणली आणि सेटच्या समोर, तीन पावलांवर ठेवली. काकू संकोचल्या, पदर सारखा केला आणि बसल्या. लांब सभागृहात, मागच्या रांगेत त्यांनी नवऱ्याला दोनचारदा पाहिलं होतं. इतक्या जवळून, मध्ये भिंत नसताना, कधीच नाही.

काकांनी ठेका धरला. खांदा दुखत होता, त्यांनी दुखू दिला. काकूंचा उजवा पाय आपोआप हलायला लागला, मशीनचं पायडल असल्यासारखा. काका डावीकडे झुकले. स्टूल गप्प राहिलं. आणि क्रॅशवर दणका बसला.

काकू खुर्चीतून उडाल्याच. छातीवर हात, डोळे मोठे. मग त्यांना इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. “अहो, सांगायचं तरी. आता करकर नाही, मला कळणार कसं?”

काकांनी काठ्या थांबवल्या. बोलायला तोंड उघडलं, पण क्रॅश अजून विरत होता, म्हणून ते थांबले. नऊ मोजून झाल्यावर म्हणाले, “तू ऐकत होतीस म्हणून माझा हात चांगला राहिला गं. मला माहीत नव्हतं, पण होतं ते तसंच होतं.”

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची आणखी एक पाऊल पुढे घेतली.

काकांनी पुन्हा ठेका धरला. पस्तीस वर्षांत वाजवताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नव्हतं. ते डावीकडे झुकले, मान वर केली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. मग काकांनी काठी खाली आणली.